गांजेच्या पाण्यात परदेशी चमकी

"हें कितें रे? बाळाच्या पाळण्यावर टांगायचं?" मामानं डब्यातलं एक पातं उचलून उन्हात धरलं आणि भिंतीवर कवडसा नाचवला. ओसरीवरचं मांजर लगेच त्याच्या मागे धावलं. म्हटलं, चला, एक गिऱ्हाईक तरी लागलं.

डबा पाठवला होता वॉशिंग्टन राज्यातल्या माझ्या आतेभावानं. तो तिकडच्या तळ्यांत ज्या माशाच्या मागे असतो त्याचं नाव कोकनी. आपल्या कोकणाशी त्याचं काही नातं नाही. जन्मात कधी समुद्रात न जाणारा, गोड्या पाण्यातच वाढणारा सॉकाय सामन तो. अंगानं लहान, आणि तोंड इतकं नाजूक की जोरात ओढलं तर फाटून गळ सुटतो. त्याच्यासाठी होडी सावकाश चालवायची आणि मागे गळ ओढत न्यायचा, हे ट्रोलिंग. गळाच्या पुढे एक चकाकणारं पातं बांधायचं. या पात्याला स्वतःचा गळ नसतो. चमकायचं, पाणी हलवायचं आणि माशाला जवळ बोलवायचं, एवढंच त्याचं काम. डावी-उजवीकडे डुलतं तो डॉजर, गरागरा फिरतो तो फ्लॅशर. दुकानदार दोन्हींना सरसकट फ्लॅशर म्हणतात आणि माझ्यासारखे गोंधळतात.

दिवाळी संपता संपता बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्यात उतरलो. केरीजवळ अंजुण्याचं धरण भरलेलं दिसलं आणि हात शिवशिवले. पण मामानं फोनवरच बजावलं होतं, "धरणात काही घालायचं नाही. नदीवर जाऊ." वाळपईला पोचलो तर मामीनं ताकातले फोव करून ठेवलेले. ते खाल्ल्यावर नदीवर जायची घाई कुणालाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उसगाव-गांजे. म्हादई इथपर्यंत येते आणि भरतीचं पाणीही इथपर्यंतच चढतं, मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत. पाऊस नुकताच सरला होता, त्यामुळे खारेपण अजून खूप खाली होतं. मामानं ओंजळीतलं पाणी चाखून "गोडें" असा निकाल दिला. मी कडेवरून हात पाण्यात सोडला तर म्हणाला, "हात आत घे. मगरीला आम्ही मान देतो, हात देत नाही." बोरी-दुर्भाटकडच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ते मला माहीत होतं. हात आत घेतला.

होडी मामाच्या मित्राची, वल्ह्यांची. इंजिन नाही, आणि इथंच माझ्या डब्याचा अर्धा निकाल लागला. मी आधी बांधला सगळ्यात देखणा फ्लॅशर, वीतभर लांबीचा, जाड पितळी. आठवडाभर मी त्याच्याच प्रेमात होतो. वल्ह्यांच्या वेगात तो फिरलाच नाही. पाण्यात भाताच्या डावासारखा आडवा लोंबत राहिला, आणि माझी सहा फुटी हलकी काठी त्याच्या भारानं अशी वाकली की मासा लागला असता तरी कळलं नसतं. मामानं जरा जोर लावला तेव्हा फिरला खरा, पण माझी भिंगरी, म्हणजे दोऱ्याला पीळ बसू न देणारा फिरता जोड, स्वस्तातली होती. दहा मिनिटांत तंगुसाला असा पीळ बसला की पुढचा अर्धा तास मी तो सोडवत बसलो आणि मामा मान फिरवून हसत होता.

मग काढला दहा सेंटीमीटरचा, प्लॅस्टिकचा डॉजर. हातात घेतला तर वजनच जाणवत नाही. होडीच्या कडेला धरून आधी पाण्यात ओढून पाहिला; आतेभावाची ही एकच सूचना मी शहाण्यासारखी पाळली. मोबाईलवर वेग ताशी 2.2 किलोमीटर दाखवत होता आणि पातं नंदीबैलासारखं मान डोलवत होतं. वेग वाढवला की डुलणं सोडून फिरायला लागतं, म्हणजे आपण जास्त जोरात. सोडल्यावर काठीचं टोकही त्याच्या तालावर हलतं. टोक थांबलं तर समजावं की पातं पानात किंवा गवतात अडकलंय. पावसाळ्यानंतरच्या नदीत तर दर पाच मिनिटांनी काहीतरी अडकतंच. जड पात्यानं ही बातमी कधीच दिली नसती.

पात्यापासून आमिषापर्यंतचा मागचा दोरा किती ठेवायचा, यावर आमचं वाजलं. मामाला लांब हवा होता, "माशाला संशय येतो" म्हणून. पण रबराच्या छोट्या माकुलासारख्या आमिषाला स्वतःची हालचाल नसते, ती डॉजरच्या झोक्यातूनच येते. म्हणून दोरा आखूड, पात्याच्या लांबीच्या दुप्पट धरला. आमिष स्वतः वळवळणारं असतं तर मामाचं बरोबर ठरलं असतं, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. रंगाबद्दल मात्र त्याचंच ऐकलं. पाणी हिरवट-गढूळ होतं, त्यामुळे चंदेरी बाजूला ठेवून तांबूस पातं लावलं. चंदेरी स्वच्छ पाण्यात, उन्हात शोभतं. आणि उथळ पाण्यात फार लखलखलं तर मासा येण्याऐवजी पळतो.

दहाच्या सुमारास टोकाची डोलणी तुटली. पान असेल म्हणून गुंडाळायला लागलो तर पान उलटं ओढायला लागलं! जेमतेम वीतभर चोणक, चंदेरी, रागावलेला. पितळी फ्लॅशर असता तर त्या बिचाऱ्याची झुंज पात्याच्याच ओझ्यात विरून गेली असती. चोणक आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, असं मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मग ह्याला अजून खूप बघायचंय," आणि गळ काढून त्याला पाण्यात सोडलं. त्यानंतर दुपारपर्यंत एकही टोचणी नाही.

परत निघताना डब्यात फक्त तीन हलके डॉजर होते. पितळी फ्लॅशर आणि त्याची जाडजूड भावंडं मामीनं मागून घेतली. आता ती कुळागरात पेरूच्या फांद्यांवर टांगली आहेत. वाऱ्यावर छान फिरतात, आणि पोपट लांबच राहतात असं मामी सांगते.