अजून काही आलं नाही, म्हणजे नकारच का?

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कधी बेळगावची मुलगी असते, कधी निपाणीचा मुलगा, कधी खानापूरकडचं कुणी. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांत एम.ए. केलेली आणि अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज घातलेली ही मुलं. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "ताई, डिसेंबरात अर्ज घातला, अजून काहीच आलं नाही. म्हणजे नकारच समजायचा काय?" परवा एकीनं पुढं हेही विचारलं, "तुम्ही ते दिवस कसे काढलात?" आणि मला ते फोनवर दोन मिनिटांत सांगता येईना. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काही आलं नसेल तर त्यातून काहीही काढू नका. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते. त्यानंतर तिथं नाताळची सुट्टी लागते. जानेवारीत विभागातले चार-पाच प्राध्यापक आपापले वर्ग सांभाळून अर्ज वाचायला बसतात. प्रत्येक अर्जात उद्देशपत्र, वीस-पंचवीस पानांचं लेखन, तीन शिफारसपत्रं. काही विभाग जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती घेतात, काही घेतच नाहीत. विभागानं नावं काढली तरी ती वर डीनच्या कार्यालयात मंजुरीला जातात आणि तिथून पत्र निघतं. म्हणून ठरलेला होकारसुद्धा कधी कधी आठ-दहा दिवस कुणाच्या तरी टेबलावर असतो.

एवढी छाननी का, तेही सांगते. मानव्यविद्यांत चांगल्या विभागाचा होकार म्हणजे साधारण पाच वर्षांची जबाबदारी असते. फी माफ, दर महिन्याला विद्यावेतन, आरोग्य विमा, बदल्यात वर्गांवर शिकवायचं काम. एका विद्यार्थ्यावर विभाग एवढा खर्च धरतो, म्हणून जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 2020 च्या साथीनंतर तर कित्येक विभागांनी पुढच्या वर्षीचे प्रवेशच घेतले नाहीत. आत असलेल्या विद्यार्थ्यांना पैसे पुरवायचे म्हणून. त्या वर्षी ज्यांनी तयारी केली होती त्यांच्या अर्जात काय खोट होती? काहीच नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नकार आला की आपण पहिल्यांदा स्वतःलाच तपासायला घेतो.

मीही तेच केलं होतं.

2016 च्या डिसेंबरात मी सहा अर्ज घातले आणि घरात कुणालाही सांगितलं नाही. एका अर्जाची फी 75 ते 125 डॉलर. शिकवण्यांचे साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. काही विद्यापीठं विनंती केली तर फी माफ करतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही. कागदांचा एक घोळ आपल्याकडच्या सगळ्यांनाच होतो. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर 'बेलगाम', पासपोर्टवर 'बेळगावी', कारण 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बदललं. एका ठिकाणाहून विचारणा आली की ही दोन वेगळी शहरं आहेत का. मी उत्तर लिहिलं, एकच आहे. घरात आम्ही म्हणतो ते तिसरं नाव, बेळगाव, ते त्या पत्रात कुठंच आलं नाही आणि मला ते बराच वेळ लागून राहिलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. तेव्हा घरात मोबाइलला रेंज यायची ती फक्त माळ्यावरच्या खिडकीत. रात्री जेवणं उरकली, भांडी झाली की मी शिडीनं माळ्यावर जायची. भाताच्या पोत्यावर गुडघे टेकून फोन खिडकीच्या चौकटीत उभा करायचा आणि पोर्टल, म्हणजे अर्जाचं काय झालं ते दाखवणारं विद्यापीठाचं पान, उघडायचं. ते चक्र फिरत राहायचं. खाली आजोबांचा खोकला, गोठ्यात म्हशीची साखळी. पोर्टलवर रोज तेच एक वाक्य, अर्ज विचाराधीन आहे. अकराला एकदा, एकला एकदा, पहाटे उठून एकदा. जानेवारी ते मार्च असं चाललं. माझं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. चोवीस वर्षांची मुलगी रात्री चोरून माळ्यावर फोन घेऊन जाते, याचा आईनं काय अर्थ काढावा?

मार्चमधल्या एका रात्री मी शिडीवरून खाली उतरले तर आई खालच्या पायरीशी बसलेली. दिवा लावला नव्हता. म्हणाली, "कोण हाय तो? सांग मला. बाबांस्नी मी सांगतो."

आमच्या भागात बायकाही 'मी सांगतो' म्हणतात. त्या एका शब्दासकट ते वाक्य माझ्या मनात अजून तसंच आहे. मी तिथंच बसून रडले आणि सगळं सांगितलं. त्या रात्री चौथा नकार आला होता. ती म्हणाली, वाच बघू काय लिहिलंय. मी मराठी करत वाचत गेले. यंदा अर्ज फार आले, तुमचा अर्ज आम्ही काळजीपूर्वक वाचला, तुम्हाला जागा देता येत नाही याचा खेद वाटतो, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पत्रिका जुळत न्हाई म्हणून कळीवलंय म्हण की."

त्याच महिन्यात माझं एक स्थळ असंच परत गेलं होतं. त्या निरोपाची भाषा आईला पाठ होती. पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात तेव्हा मुलीत काही खोट काढलेली नसते, कारण सांगितलेलं नसतं, आणि आपण परत विचारायला जायचं नसतं. मला तेव्हा वाटलं ती माझी समजूत घालते आहे. पुढच्या आठवड्यात मी सहाही विभागांची यादी परत उघडली आणि प्रत्येक प्राध्यापकाचं काम शांतपणे वाचून काढलं. माझा विषय होता आपल्या भागातले मोडी कागद. गाव कानडी बोलणारं आणि दप्तर मोडीत लिहिलेलं मराठी, अशी कितीतरी गावं इथं होती, आणि त्या कागदांत दोन्ही भाषा एकमेकींत कशा मिसळतात हे मला शोधायचं होतं. सहापैकी चार विभागांत दख्खनवर काम करणारं कुणीच नव्हतं. माझे कागद वाचू शकेल असा एकही माणूस तिथं नव्हता. मी नावं मोठी बघून अर्ज घातले होते.

आई जे बोलली ते शब्दशः खरं होतं. छाननीला बसलेले लोक मुलगा हुशार आहे का एवढंच बघत नाहीत, अर्ज केलेली बहुतेक मुलं हुशारच असतात. ते बघतात की याला मार्गदर्शन कोण करणार, त्या माणसाकडं आधीच किती विद्यार्थी आहेत, तो पुढच्या वर्षी रजेवर तर नाही, गेल्या वर्षी याच विषयाचं कुणी घेतलंय का. यातलं काहीच तुम्हाला बाहेरून दिसत नाही. निम्मी पत्रिका त्यांच्या हातात असते. आपल्या हातात आपली निम्मी, ती नीट मांडायची आणि योग्य घरी पाठवायची.

दुसऱ्या वर्षी मी पाचच अर्ज घातले, पाचही ठिकाणी दख्खनचा अभ्यास करणारं कुणीतरी होतं. आणि घरात सगळ्यांना सांगितलं. सांगणं सोपं गेलं नाही. आमच्या घरात 'निकाल' हा शब्द उच्चारला की आजोबांच्या डोळ्यांसमोर एकच निकाल यायचा, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा. 1956 साली राज्यं झाली तेव्हा ते ऐन विशीत होते. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल त्यांनी पाहिला, 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेही पाहिलं. पाय चालत होते तोवर दर 1 नोव्हेंबरला ते काळ्या दिवसाच्या सायकल फेरीला बेळगावला जायचे. मी म्हटलं, "आजोबा, माझा निकाल लागायचाय." त्यांनी विचारलं, "तारीख दिल्यात काय?" मी म्हटलं, दिली आहे, 15 एप्रिल. तोवर सगळं कळतंच. ते म्हणाले, "मग काय काळजी न्हाई. तारीख हाय न्हवं."

ती 15 एप्रिल काय आहे हे समजून घ्या. अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी आपसात मान्य केलंय की पैशासकट दिलेल्या होकाराचं उत्तर विद्यार्थ्याकडून 15 एप्रिलच्या आधी सक्तीनं घ्यायचं नाही. म्हणून ज्यांना दोन-तीन ठिकाणी होकार आहे ते शेवटपर्यंत विचार करतात, आणि त्यांनी सोडलेल्या जागा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वेटिंगवरच्यांना मिळतात. मार्चअखेर तुम्ही वेटिंगवर असाल तर आशा सोडू नका. विभागाला एक छोटं, नम्र पत्र लिहा की मला अजून यायचं आहे. एकच लिहा.

2018 चं कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराशी लटकवलं तेव्हा आईनं मला पेन दिलं. त्या चौकोनांत ती दुधाचे खाडे मांडते, सिलिंडर कधी लावला ते लिहिते, म्हैस कधी भरली ते लिहिते. त्यांच्याच शेजारी मी विद्यापीठांची आद्याक्षरं लिहिली, कुठल्या आठवड्यात कुणाचं पत्र येणं शक्य आहे त्या अंदाजानं. 15 एप्रिलला गोल केला. त्यानंतर बाबा सकाळी गोठ्यातून आले की कॅलेंडरकडं बघूनच विचारायचे, "आज कुणाचं हाय?" नकार आला की आई त्या अक्षरावर आडवी रेघ मारायची आणि भाकरी थापायला बसायची.

रात्रीची जागरणं मी मोडली ती हिशोब करून. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढं सरकतात, मग साडेसहा. कॅलिफोर्नियातली कचेरी हिवाळ्यात आपल्या रात्री साडेदहाला उघडते आणि पहाटे साडेसहाला बंद होते. म्हणजे सकाळी सातला एकदा पाहिलं की रात्रभरातलं सगळं कळतं. दिवसा पोर्टल उघडण्यात काही अर्थ नाही, तिथं सगळे झोपलेले असतात. शनिवारी सकाळी पाहून झालं की थेट सोमवारी संध्याकाळपर्यंत सहसा काही येत नाही. ते अडीच दिवस पूर्ण तुमचे. मी ते दिवस मोडी वाचण्यात घातले. गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांकडं बसून जुन्या दप्तरातलं रोज एक पान. फेब्रुवारीत माझा हात मोडीत असा बसला की पुढं त्याच वाचनावर माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण उभं राहिलं.

इथंच, आपल्या देशात, यूजीसी-नेट या परीक्षेची वाट बघणाऱ्यांचं दुःख वेगळं आहे, तेही मला माहीत आहे. 2024-25 पासून देशातल्या पीएचडी प्रवेशाला नेटचे गुण धरायचं ठरलं, आणि त्याच वर्षी 18 जूनला झालेली परीक्षा 19 जूनला रद्द झाली. ती पुन्हा होईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला. नेटमधून मिळणाऱ्या महिन्याला 37,000 रुपयांच्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीवर ज्यांचं घर सोडणं अवलंबून आहे अशा मुलांचे ते महिने मी जवळून पाहिले. त्यांना मी तारीख सांगू शकत नव्हते. त्यांच्याजवळ बसले, एवढंच.

माझं 2018 चं सांगते. पाचपैकी चार रेघा मार्चअखेर मारून झाल्या. पाचव्या ठिकाणी वेटिंग. 12 एप्रिल, गुरुवार, रात्री साडेनऊची वेळ. मी माळ्यावर नव्हतेच, मागच्या पडवीत भांडी घासत होते. फोन दादानं खिडकीत ठेवला होता, त्यानंच वरून हाक मारली. विभागानं लिहिलं होतं, एक जागा मोकळी झाली आहे, तुम्ही येणार का?

बाबा काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन म्हशीला वैरण घालून आले. ती एकदा घालून झाली होती. आजोबांनी तारीख विचारली आणि म्हणाले, तीन दिस आधीच लागला. आईनं पेन घेतलं आणि 12 च्या चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली, 'होकार' लिहिलं.

मग पेन तसंच हातात धरून तिनं विचारलं, "मोकळी झाली म्हणजे कुणीतरी सोडली की. त्याला दुसरीकडं बरी मिळाली असंल न्हवं?"

मी म्हटलं, "मिळाली असंल. त्याशिवाय सोडणार न्हाई."

"बघ की विचारून," ती म्हणाली.

असं विचारता येत नाही, हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही.