पाच येनचा देव

पाच येनचं नाणं पितळेचं असतं, मधोमध भोक, वजन ३.७५ ग्रॅम. देवळाच्या दानपेटीत बरेच जपानी लोक हेच नाणं टाकतात. ‘नोरागामी’ या मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, यातो नावाचा देव एवढ्याच पैशांत पडेल ते काम करतो. बाथरूमच्या फरशीवरची बुरशी घासायची, हरवलेलं मांजर शोधायचं, मानगुटीवर बसलेलं पिशाच कापायचं, सगळ्याला दर एकच. जमलेली नाणी तो बाटलीत साठवतो, कारण त्याला स्वतःचं देऊळ बांधायचंय. किलोभर नाणी झाली तरी हिशेब होतो १,३३० येनचा. देऊळ राहू दे, मित्राला सोबत घेऊन रामेन खायचं म्हटलं तरी ओढाताण.

देवाला घरकामाला लावणं आपल्याला नवं नाही म्हणा. जनाबाईने विठोबाला दळायला बसवला आणि वर त्याला शिव्याही घातल्या. पण विठोबाने कधी भिंतीवर आपला फोन नंबर रंगवून ठेवला नाही. यातो ठेवतो. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात जुनाट रुमाल, आणि तोरा मात्र कोट्यवधी भक्त असल्याचा. प्रत्यक्षात भक्त शून्य.

अदाचितोका या एकाच टोपणनावाने दोघीजणी मिळून हे काढत होत्या. २०१०च्या डिसेंबरात कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या मासिकात सुरू झालेली मालिका २०२४च्या जानेवारीत संपली. एकूण २७ खंड. ‘मुलगा आणि उपद्रवी देव’ हा मांगात चांगला मळलेला रस्ता आहे. देव घरी येऊन टपकतो, फुकट खातो, लोळतो, शाळेत फजिती करतो. अशा बहुतेक मालिका तिसऱ्या खंडापर्यंत दमतात असं माझं मत आहे. देव सर्वशक्तिमान असतो, मग अडणार कुठे? आणि जो कुठेच अडत नाही त्याच्यावर हसणार तरी किती? इथे मात्र देवाच्या मानेवरच एक काटा बसवलाय.

तो असा. देवाला लढायला हत्यार लागतं, आणि हत्यार म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा. देव त्याला नाव देतो, ते नाव अंगावर उमटतं, आणि हाक मारली की माणसाची तलवार होते. यातोच्या वाट्याला येतो युकिने, शाळकरी वयाचा, कायम चिडलेला. नाव दिल्यापासून दोघे असे जोडले जातात की पाप मुलाने करायचं आणि कळ देवाला यायची. युकिनेने दुकानातून स्केटबोर्ड उचलला की इकडे यातो मान धरून कळवळतो. कानउघाडणी करायची तर मुलगा आणखी चिडणार, म्हणजे आणखी कळ. नुसतं मनात वाईट आलं तरी टोचतं. आधी हे सगळं विनोदाच्या अंगाने येतं. मग मानेवर जांभळट डाग दिसतो, तो पसरायला लागतो, आणि पुढची पानं उलटताना हसू येत नाही.

डाग पवित्र पाण्याने धुता येतो, पण टोचणारा तोच राहिला तर धुऊन उपयोग काय? त्यावर उपाय मिसोगी, म्हणजे शुद्धीचा विधी. तीन आत्मे लागतात, दोन चालत नाहीत. तिघे तीन बाजूंना उभे राहून सीमारेषा आखतात, मुलाला मधे कोंडतात आणि त्याच्याकडून एकेक गुन्हा वदवून घेतात. मोघम ‘चुकलं’ खपत नाही. काय केलं ते तोंडाने सांगावं लागतं. तो अडून बसला तर त्याचंच पिशाच व्हायला लागतं, रेषा तुटली तर तिघांवरही बेततं, आणि बाहेर देव मरणपंथाला. दिलेलं नाव काढून घेतलं की यातो सुटला असता. सगळे त्याला तेच सांगतात. तो काढत नाही.

बिशामोन या देवीचं दुखणं याहून अवघड. तिने आत्म्यांचा भलामोठा कुटुंबकबिला पोसलाय. कळ येते, पण टोचतंय कोण ते कळायला मार्ग नाही. ही बिशामोन म्हणजे मुळात आपला वैश्रवण, कुबेर. जपानच्या सात भाग्यदेवतांत तो आहे, बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती आहे, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल आहे. इथे कुबेराची बाई झालीय आणि ती सिंहावर बसून गोळ्या झाडते. दाइकोकु हे नाव मिळालंय दारिद्र्यदेवीच्या आत्म्याला. तो छोटंसं दुकान चालवतो आणि वरच्या मजल्यावर यातो-युकिने फुकट राहतात. भाग्यदेवतेचं नाव दारिद्र्याच्या घरी! हा चावटपणा मला मनापासून आवडतो.

विनोदाची जागाही मोजून धरलेली असते. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून डाव्या पानाची खालची डावी चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची. यातो तिथे छाती काढून काहीतरी भव्य बोलतो. पान उलटावं तर मुलाची लाथ बसलेली. फोनवर एकेक पान सरकवत वाचलं की ही गंमत निम्मी जाते. समोरासमोरची दोन पानं एकदम दिसतील असं वाचावं.

यावरचं अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बोन्स स्टुडिओचं, २०१४ आणि २०१५चं. चांगलं आहे, पण पहिल्या पर्वाच्या शेवटचा खलनायक राबो मूळ मांगात नाहीच. त्यामुळे अॅनिमे जिथे थांबलं तिथून खंड उचलला तर सांधा जुळत नाही. पहिल्या खंडापासूनच घ्यावं.

आणि दुसऱ्यांदा वाचताना नाव देण्याच्या प्रसंगाशी थांबावं. नाव देताक्षणी देवाला त्या आत्म्याचं सगळं आयुष्य दिसतं, मरण कसं आलं तेही. आत्म्याला स्वतःला यातलं काही आठवत नाही, आणि देवाने सांगायचं नसतं. खरं नाव कळलं तर तो पिशाच होतो. युकिनेला नाव देताना यातोच्या डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या वाचनात ते सहज निसटतं. त्यानंतरची त्याची सगळी थट्टामस्करी, आळस आणि पाच येनची भुणभुण, त्या पोराचं काय झालं होतं हे माहीत असलेल्या माणसाची आहे.