पालापाचोळा गटारात जाण्याआधी

माझ्या खिडकीसमोर रस्त्याच्या कडेला एक मोठं झाड आहे आणि त्याच्या बरोबर खाली पावसाळी गटाराची जाळी. जोराची सर आली की रस्त्यावरची पानं वाहत येऊन त्या जाळीवर थापून बसतात आणि त्यांच्यातून गाळलं गेलेलं तपकिरी पाणी खाली पडत राहतं. कित्येक वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वाटेत प्लास्टिक दिसलं तर मी वाकून उचलायचे, पानं मात्र तशीच सोडायचे. पानंच ती, कुजतील आणि मातीला मिळतील, असं मी धरून चालले होते. पण त्या रस्त्यावर माती आहेच कुठे?

गेल्या पानगळीत मी तीन बरण्या मांडल्या. एकीत झाडाखालून वेचलेली अख्खी पानं, दुसरीत तितक्याच वजनाची पण गाड्यांच्या चाकांखाली चुरडलेली पानं, तिसरीत नुसतं पाणी. पानांच्या बरण्यांतही पाणी ओतलं आणि तिन्ही रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी अख्ख्या पानांच्या बरणीतलं पाणी फिकट पिवळं होतं. चुरडलेल्यांचं इतकं गडद, की बरणीमागचं बोट दिसेना. माशांच्या टाकीसाठी फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) पाण्यात विरघळणारं रूप, तपासायचा एक संच मिळतो. त्यातले थेंब टाकले की फॉस्फेट असेल तसा निळा रंग चढतो. पाण्याच्या मूळ रंगामुळे निळा ओळखू येईना, म्हणून तिन्ही नमुने दहापट पातळ केले. नुसत्या पाण्याला रंग आला नाही. अख्ख्या पानांच्या नमुन्याला निळसर झाक आली आणि चुरडलेल्यांचा नमुना दहापट पातळ करूनही ठसठशीत निळा झाला. हे घरगुती काम, त्यावरून आकडे सांगायचे नाहीत. पण एका रात्रीत एवढं उतरतं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला ती जाळी पहिल्यासारखी बघवेना.

ज्यांनी हे नीट मोजलं, त्यांचे आकडे आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात त्या देशाच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने दोन वस्त्यांची तुलना केली. एका वस्तीत पानगळीच्या दिवसांत पाऊस येण्याआधी रस्ते झाडून पानं उचलली, दुसरीत तसं केलं नाही. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पानं उचलल्यामुळे त्या काळात गटारातून वाहून जाणारं एकूण स्फुरद ८४ टक्क्यांनी आणि नत्र (नायट्रोजन) ७४ टक्क्यांनी घटलं. पानं तशीच राहिली, तिथे हिवाळा वगळून वर्षभरात वाहून गेलेल्या स्फुरदापैकी ५६ टक्के एकट्या पानगळीच्या काळातलं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

स्फुरदाची एवढी धास्ती का, याचं उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने १९७३ साली दिलं. ऑन्टारियोतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद फक्त एका बाजूला. तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. वरून घेतलेला त्याचा फोटो कुणीही एकदा पाहावा. पुढे हेच शेवाळ मरून तळाशी कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

म्हणून झाडं तोडा, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. झाड पाऊस आपल्या पानांवर झेलतं, त्यातला काही तिथूनच वाफ होऊन जातो. मुळं मातीतलं नत्र-स्फुरद ओढून घेतात, ते सगळंच्या सगळं भूजलात उतरू देत नाहीत. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातल्या उद्यानांत तुलना केली, तेव्हा नुसत्या हिरवळीपेक्षा झाडांखाली स्फुरद कमी झिरपताना आढळलं. तेच पान मातीवर पडलं तर खत होतं. डांबरावर पडून चाकाखाली आलं, की त्यातलं बरंचसं पुढच्या सरीबरोबर ओढ्यात. आणि जिथे पावसाळी गटारं वेगळी आहेत, तिथे हे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातच नाही, थेट ओढ्यात उतरतं. त्यात हिरवळीला घातलेलं जादा खत आणि कुत्र्यांची विष्ठाही मिसळते.

ओढ्याकाठची झाडी हे सगळं अडवेल, अशी आपली समजूत असते. झाडीखालच्या ओल्या, प्राणवायू नसलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राचा, नत्रवायू करून हवेत सोडतात, हे खरंच आहे. पण पाण्याने त्या मातीतून जायला तर हवं! शहरात ते पाइपातून झाडीला वळसा घालून पात्रात पडतं. शिवाय वेगाने आलेल्या लोंढ्यांनी पात्र खोल कोरलं जातं, भूजल खाली जातं आणि काठची माती कोरडी पडते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या ओढ्यांवर संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं.

जलपर्णीचंही असंच आहे. ती नत्र आणि स्फुरद भराभर शोषते, म्हणून काही जण तिला पाणी शुद्ध करणारी म्हणतात. उपसून लांब नेली तरच ते खरं. पाण्यातच कुजू दिली तर घेतलेलं बरंचसं परत करते, शिवाय प्राणवायू खाते तो वेगळाच.

आता पानगळीत पावसाचा अंदाज बघून आदल्या संध्याकाळी मी आणि शेजारच्या मावशी जाळीभोवतीचा वीसेक पावलांचा पट्टा झाडतो. पहिल्या खेपेला आम्ही ढीग रस्त्याच्या कडेलाच लावला होता. रात्री पाऊस झाला आणि सकाळी ढिगाच्या बुडातून तपकिरी ओघळ थेट जाळीपर्यंत पोचलेला. आता पोती भरून झाडामागच्या उघड्या मातीवर नेतो आणि हातभर जाडीचा थर पसरतो. परवा तो थर बाजूला सारून पाहिला, तर खालची माती काळी आणि ओलसर होती, आणि बोटाला गांडूळ लागलं.