सुकतीचं पाणी

त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी सहाला भाऊच्या धक्क्यावर पोचले तेव्हा पाणी पार खाली गेलेलं, पायऱ्या शेवाळलेल्या. मासळीच्या टोपल्या चुकवत यंत्रांच्या पेट्या लाँचवर चढवल्या आणि निघालो. डावीकडे जवाहर द्वीप, मागे घारापुरी धुरकट. उजवीकडे अपोलो बंदर. तिथे १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे, आणि सागरी नकाशांसाठी समुद्राची खोली मोजायचं माझं सगळं काम त्या नोंदीला टांगलेलं.

कुलाब्याच्या टोकापुढे प्रोंग्सचं दीपगृह. १८७५ मधलं. सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, त्याच्याभोवतीचा खडक उघडा पडतो. तो डोळ्यांनी बघितला की दीपगृह इथेच का, हे सांगावं लागत नाही.

दक्षिणेला जाऊन काम सुरू केलं. शेतात तास धरावा तशी लाँच सरळ रेषेत न्यायची, वळायचं, शेजारची रेषा धरायची. बाजूच्या दांड्याला बांधलेला मल्टिबीम, म्हणजे आवाजाने खोली मोजणारं यंत्र, तळाकडे आवाज पंख्यासारखा पसरून सोडतो. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. परतायला लागलेल्या वेळावरून खोली निघते.

पावणेअकराला पडद्यावर १३.२ मीटर होते. लाँच चालवणाऱ्या तांडेलकाकांना सहज विचारलं, "काका, इथं किती पाणी?"

"उधाणाच्या सुकतीला साडेपाच वाव. खाली चिखल."

भरतीचे ३.१ मीटर वजा केले. राहिले १०.१. साडेपाच वाव म्हणजेही दहा मीटरच! माझ्या अंगावर काटा आला. नकाशावर आम्ही आत्ताचं पाणी छापतच नाही. ओहोटीला समुद्र जास्तीत जास्त जितका उतरतो, त्या पातळीखालची खोली छापतो. जहाजाच्या कप्तानाला निदान तेवढं पाणी मिळालंच पाहिजे. काका आयुष्यभर त्याच हिशेबाने दोरी टाकत आले आहेत.

दुपारी ओहोटी लागली आणि पडद्यावरचा सपाट तळ दोन्ही कडांना परातीसारखा वर वळला. तळ तसा नव्हताच. ठाण्याच्या खाडीचं कमी खारं पाणी वरच्या थरात आलं होतं, आवाजाचा वेग बदलला होता, तिरपे जाणारे किरण वाकत होते. लाँच थांबवली. ध्वनिवेग मोजणारा प्रोब हळूहळू तळापर्यंत सोडला. वर आला तेव्हा टोकाला करडा, लोण्यासारखा मऊ गाळ. काकांनी तो चिमटीत चोळला आणि मान डोलावली. नवा वेग भरला, परात पुन्हा सपाट झाली. आधीच्या दोन रेषा मात्र परत मारल्या. असे आकडे खपवून पुढे जाणं मला जमत नाही. त्यांच्या भरवशावर कुणीतरी रात्री जहाज आत आणणार असतं.

परतताना काकांनी दीपगृह आणि मागची एक इमारत यांची रेघ धरून बोट दाखवलं. "पोरी, तिथं माझं जाळं दोनदा फाटलंय. खाली कायतरी हाय."

जागा टिपून घेतली. उद्याची पहिली रेषा तिथूनच.