आईला कारण सांगितले नाही

मोठे डॉक्टर गेले त्याला काही वर्षं झाली. दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव आहे, तरी गावाच्या लेखी मी अजून 'नव्या मॅडम'च. तपासणीच्या टेबलावर मूल ठेवायच्या आधी निम्मे पालक त्यांची एखादी आठवण सांगून मोकळे होतात. रात्री दोनला दार उघडायचे, रडणारं पोर कडेवर घेऊन फेऱ्या मारायचे, देवमाणूस होते. असतील. माझ्या रोजच्या उपयोगी पडतो तो त्यांच्यातला कारकून, आणि त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

त्यांची कार्डं मागच्या खोलीत लोखंडी कपाटात आहेत. प्रत्येक मुलाचं एक जाड कार्ड, एका बाजूला वजनाचा आलेख, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात नोंदी. सगळी लावलेली आईच्या नावाने. बारशाआधी सगळी मुलं 'बाळ'च असतात, नंतर घरातलं नाव वेगळं आणि शाळेतलं वेगळं, पण आई तीच राहते. एका पाकिटात तिची सगळी मुलं. माझ्याकडे जे सॉफ्टवेअर आहे त्यात भावंडं एकमेकांना जोडायची सोयच नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अशी रिक्वायरमेंट कुणाची येत नाही."

त्या दिवशी ओपीडी तुडुंब होती. चार दिवसांचं बाळ घेऊन एक आजी रांग मोडून सरळ आत आल्या. मागे बाळाची आई आणि तिचा भाऊ. "कावीळ आहे. मी पाहिलीय आधी," एवढंच म्हणाल्या. प्रसूती झाली तिथून दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं होतं, कावीळ कधी बघायची, परत कधी यायचं, काही सांगितलेलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाळाला कोवळ्या उन्हात धरायला सांगितलेलं. उन्हाची गोष्ट मुळात खोटी नाही. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात एका सिस्टरांच्या लक्षात आलं की उन्हात ठेवलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरतो. त्यातून पुढे निळ्या दिव्यांचे उपचार आले. १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख छापून आला. पण खिडकीतून येणाऱ्या तासाभराच्या उन्हाने रक्तातल्या पेशी फुटून कावीळ वाढायची थांबत नाही, आणि त्या तासाभराच्या भरवशावर लोक दोन दिवस घालवतात.

नवजात बाळाची कावीळ उजेडात बघायची, ट्यूबलाइटखाली नाही. अंगठ्याने त्वचा दाबायची, बोट उचललं की क्षणभर खालचा खरा रंग दिसतो. चेहऱ्यापासून पिवळेपणा खाली उतरत जातो. या बाळाचे तळवेसुद्धा पिवळे होते. दूध ओढत नव्हतं, अंग ढिलं. दुपटं उघडलं तसा भपकन वास आला. डांबरगोळ्या.

"कपडे कुठले?"

"घरचेच," आजी म्हणाल्या. "हिचे आणि मामाचे, ट्रंकेत जपून ठेवलेले."

कपडे काढायला लावले, बाळाला पुसून स्वच्छ कपड्यात घेतलं आणि दिव्यांखाली ठेवलं. रक्त पाठवलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, २६, फारच जास्त. हिमोग्लोबिन ११ च्या खाली. आई आणि बाळ दोघंही ओ पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तगटाचं भांडण नाही. काचपट्टीवर तांबड्या पेशी कडेने चावा घेतल्यासारख्या. जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असलं की डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनसारख्या गोष्टींपुढे पेशी टिकत नाहीत, फुटतात. नॅफ्थलीन श्वासातून जातं, कातडीतून जातं, आणि अंगाला तेल लावलेलं असेल तर आणखी सहज जातं. फुटलेल्या पेशींचा पिवळा कचरा उपसायचं काम चार दिवसांच्या यकृताला झेपत नाही, आणि तो मेंदूत उतरला की जन्माचं नुकसान.

रक्त बदलायचं ठरलं. शहर लांब आहे, रक्तपेढी इथे आहे, म्हणून इथेच.

तेवढ्यात मामा पुढे आला. तिशी ओलांडलेला, मान एकीकडे वळत जाते, हात स्वतःच्या मर्जीने चालतात, कानात यंत्र, बोलणं जड. डोकं मात्र लख्ख. कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करून लोकांचे हिशेब ठेवतो. "माझं घ्या. ओ आहे," म्हणाला. आणि कंपाउंडर काका, जे मोठ्या डॉक्टरांकडे होते आणि आता माझ्याकडे आहेत, ते काही न बोलता मागच्या खोलीत गेले आणि आजींच्या नावाचं पाकीट घेऊन आले.

मामाचं कार्ड. पाचव्या दिवशी कावीळ, तळवे पिवळे, शहरात पाठवले, पोहोचायला उशीर. तीन महिन्यांनी रक्ततपासणी: जी-सिक्स-पी-डी कमी. त्याखाली, अक्षर जरा मोठं: 'कपड्यांत डांबरगोळ्या होत्या. घरात पुन्हा वापरू नयेत असे बजावले. वडिलांना सर्व सांगितले. आईला कारण सांगितले नाही. कपडे तिनेच भरले होते.'

मामाला मी नको म्हटलं. त्याच्या पेशीही तशाच ठिसूळ, त्या बाळाला देऊन उपयोग नाही. त्याने कारण विचारलं. म्हटलं, नंतर सांगते.

रक्त बदलणं हे मला मनापासून आवडणारं काम आहे, सांगायला संकोच वाटतो तरी. आधी जी-सिक्स-पी-डीचा नमुना बाजूला काढायचा, कारण एकदा दात्याचं रक्त गेलं की तपासणीला अर्थ राहत नाही. चौथ्या दिवशी नाळ वाळलेली असते. ती सलाइनने भिजवून मऊ करायची, बुडाशी आडवी कापायची. कापल्यावर तीन तोंडं दिसतात. दोन धमन्या जाड भिंतीच्या, घट्ट मिटलेल्या. शीर एकटी, पातळ, मोठं तोंड वासून पडलेली. नळी तिच्यात. बाळ २.७ किलोचं, म्हणजे सव्वाचारशे मिलीच्या वर रक्त, शरीराइतकं कोमट केलेलं. दहा मिली काढायचं, दहा मिली घालायचं. घाई केली तर हृदय बिथरतं, रेंगाळलं तर नळीत गुठळी. सिस्टर प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हणतात आणि कागदावर लिहितात. ४३ आकडे झाले. शेवटचं रक्त काढताना सुरुवातीपेक्षा गडदपणा कमी झालेला दिसतो, निदान मला दिसतो. संध्याकाळी बिलिरुबिन १३ वर. रात्रीत थोडं वर आलं, ते येतंच, मग दिव्यांखाली उतरत गेलं. बाळ दूध ओढू लागलं. ऐकण्याची तपासणी व्हायची आहे.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या आईला सगळं सांगावंच लागलं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, पुढचा मुलगा झाला तर त्यालाही असू शकतो, औषधांची यादी जन्मभर जवळ ठेवायची. आणि कपडे. आजी दारात उभ्या होत्या.

"मोठ्या डॉक्टरांनी बंद करायला लावल्या होत्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पोर गिळेल म्हणून. ह्यांनीही कधी काही सांगितलं नाही. पोरं मोठी झाली, हे गेले, मग ट्रंकेला कसर लागायला लागली." इथपर्यंत बोलल्या आणि मामाकडे बघून थांबल्या. मला पुढचं सांगायची वेळच आली नाही.

तेव्हापासून माझं डोकं त्या एका ओळीपाशी अडकून आहे. ज्या बाईने जपून भरलेल्या कपड्यांनी तिच्या पोराचं असं केलं, तिला ते तोंडावर सांगायचं? मीही कदाचित सांगितलं नसतं. डॉक्टरांना वाटलं असणार, नवऱ्याला माहीत आहे, गोळ्या बंद आहेत, भागलं. पण कारण नसलेली ताकीद घरात किती वर्षं टिकते? गाव ज्याला त्यांची माया म्हणतं तीच ही माया. सिस्टरांच्या कागदावरचे आकडे बघते तेव्हा मला मोठ्या डॉक्टरांचा राग येतो. आणि त्यांनी लिहून ठेवलं नसतं तर राग धरायला मला ही ओळही मिळाली नसती.

मामा संध्याकाळी ओपीडी संपल्यावर एकटा आला. कार्ड मागितलं. त्याच्याच नावाचं कार्ड, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सावकाश दोन्ही बाजू वाचल्या, मग म्हणाला की काही वर्षांपूर्वी मलेरियाच्या गोळ्या घेतल्या तेव्हा लघवी काळी झाली होती, डोळे पिवळे, चक्कर. दाखवलं तिथे 'कावीळ' म्हणून पथ्य दिलं. प्रायमाक्विन असणार. याच दोषात जपून द्यायचं औषध, आणि त्याला कुणी विचारलं नाही, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"मी अठराचा झालो तेव्हा हे मला का नाही दिलं?"

"तू कधी मागितलंच नाहीस," काका झाडू मारता मारता म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही, बरंच झालं.

औषधांची यादी लिहून दिली. कार्डाची झेरॉक्स त्याला देऊ केली तर नको म्हणाला, मूळच हवं. झेरॉक्स आता आमच्या पाकिटात आहे.