न दिसणाऱ्या ब्रेसेस आणि चुलीतला ‘च’

मी शाळेत मराठी शिकवते. वरचा उजवा सुळा शेजारच्या दातावर चढलेला, खालचे चार दात दाटीवाटीने उभे. लहानपणी तारा लावायचं राहूनच गेलं आणि छत्तिसाव्या वर्षी तारा लावून वर्गात उभं राहायचा धीर होईना.

डॉक्टरांनी सगळे पर्याय समोर ठेवले. सिरॅमिकचे ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवायचे तार धरणारे तुकडे, दाताच्या रंगाचे असतात, पण त्यांना तार बांधून ठेवणारी पारदर्शक रबरं हळदीने पिवळी पडतात. जिभेच्या बाजूने बसवायच्या लिंग्वल ब्रेसेस बाहेरून दिसतच नाहीत, मात्र जिभेला टोचतात. माझं पोट बोलण्यावर, म्हणून मी अलाइनर घेतले, म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. खर्च धातूच्या तारांपेक्षा बराच जास्त, हप्ते करून फेडला.

एक्स-रे झाले, तोंडाचं स्कॅन झालं आणि वरच्या-खालच्या अलाइनरच्या 26 जोड्या ठरल्या. दर दोन आठवड्यांनी नवी जोडी, म्हणजे एक वर्ष. जागा करण्यासाठी दातांच्या मधून बारीक खरखरीत पट्टी फिरवली. दुखलं नाही, पण तो आवाज डोक्यात घुमत राहिला. सुळा गोलसर असतो, पकड मिळाल्याशिवाय फिरत नाही, म्हणून त्यावर दाताच्याच रंगाचा बारीक उंचवटा चिकटवला.

पहिल्या दिवशी वर्गात कुणाला काही दिसलं नाही, पण ऐकू आलं. चहातला ‘च’ बरा येत होता, चुलीतला ‘च’ मात्र घसरून शिट्टीसारखा ‘स’ व्हायचा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, तुमच्या दाताला काही झालंय का?” मी अलाइनर काढून तिला दाखवला. त्या रात्री स्वयंपाकघरात चूल, चाक, जाळं, झाड मोठ्याने म्हणत बसले. आठवड्याभरात जीभ सरावली.

खरा कस लागला तो रोज बावीस तास अलाइनर घालून ठेवण्याचा. खाणं, चहा, दात घासणं, सगळं उरलेल्या दोन तासांत. स्टाफरूममधल्या तीन चहांचा एकच उरला. एकदा आमटीचं मीठ बघायला घोट घेतला आणि पारदर्शक अलाइनरवर पिवळी झाक आली ती जोडी बदलेपर्यंत.

एका लग्नात पंगतीला बसताना अलाइनर कागदी रुमालात गुंडाळून ठेवला आणि पत्रावळीबरोबर तोही गेला. रडूच आलं. ती जोडी अकरा दिवस वापरून झाली होती, म्हणून डॉक्टरांनी पुढचीच घालायला सांगितलं. तेव्हापासून डबी पर्समध्येच असते.

सुळा आता ओळीत आहे. हसताना हात तोंडावर जात नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. रात्री मात्र रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, लागतो, कारण हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढतात. गेल्या महिन्यात माहेरी गेले ती रिटेनर घरीच विसरून. पाच दिवसांनी घातला तर नेमका सुळ्यापाशीच घट्ट झाला होता. दोन रात्री ठणकला, मग बसला.