तारादेवीच्या वरचं वळण

लोक विचारतात, बर्फ किती होता? वीतभर की हातभर? कालका-सिमला मार्गावर आमचं वाफेचं इंजिन अडलं त्या दिवशी सकाळी रुळांवर वीतभर भुसभुशीत बर्फ होता, आणि त्यातून आम्ही व्यवस्थित खाली उतरलो होतो. अडलो ते परतताना, लख्ख उन्हात. त्या वीस-पंचवीस मिनिटांचा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही, म्हणून लिहितो आहे.

इंजिन के. सी. ५२०. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात १९०५ साली बांधलेलं. १९७१ नंतर कैक वर्षं उभं होतं, २००१ मध्ये पुन्हा चालू झालं. आता कोणी खास गाडी ठरवली की सिमला ते कैथलीघाट असं जातं-येतं. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे आमच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचंच. आमचे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते, त्यामुळे या मापाच्या इंजिनांची नावं मी पाढ्यांच्या आधी शिकलो. पण कुर्डुवाडीला उन्हानं रूळ तापतात एवढंच ठाऊक. बर्फ मी नोकरीत शिकलो, आणि शिकवलं ते आमच्या उस्तादजींनी. निवृत्तीला आलेले ड्रायव्हर, हिमाचलचेच. हुद्द्यानं मी त्यांचा साहेब. इंजिनावर चढलो की ते माझे साहेब.

थंडीत वाफेचं इंजिन तयार करणं म्हणजे नुसती भट्टी पेटवणं नाही. आदल्या रात्रीपासून हळूहळू तापवायचं, घाई केली तर बॉयलरच्या सांध्यांवर ताण येतो. सिलिंडर गार असतात, त्यात वाफेचं पाणी होतं. ड्रेन कॉक, म्हणजे सिलिंडरच्या तळाच्या तोट्या, उघडे ठेवून ते निघेपर्यंत इंजिन इंचाइंचानं हलवायचं. सिलिंडरचं तेल काकवीसारखं घट्ट होतं, म्हणून तेलाचा डबा भट्टीच्या दारावरच्या फळीवर. इंजेक्टरची, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या यंत्राची, पाण्याची नळी गोठू नये म्हणून मधूनमधून तिच्यात उलटी वाफ सोडायची. यार्डातल्या पॉइंटमध्ये, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, बर्फ दाबला जाऊन सरकणारी रुळाची जीभ पुरती बसत नाही. तिथे गँगमन लोखंडी पट्टीनं खरवडतात आणि रॉकेलचे बोळे पेटवतात. वळणांवर आणि फाटकांत रूळ आणि चेक-रेलच्या (आतल्या बाजूच्या जादा रुळाच्या) मधल्या खाचेत बर्फ दगडासारखा बसला तर चाकाची कड त्यावर चढून चाक रुळाबाहेर जाऊ शकतं. या गँगमन लोकांचे फोटो कुणी काढत नाही. गाडी त्यांच्यामुळे जाते.

त्या पहाटे उस्तादजींनी आणखी एक काम केलं. शेडमधल्या शेगडीवर पत्र्यात वाळू भाजली, चाळली, दोन डब्यांत भरली आणि डबे बॉयलरच्या अंगाशी ठेवले. चाकांना पकड मिळावी म्हणून नळीतून रुळावर वाळू सोडतात, आणि इंजिनाच्या वाळूपेट्या तर भरलेल्या होत्या. मी विचारलं, ही कशाला? म्हणाले, “असू द्या साहब, खात तर नाही.”

खाली उतरताना काळजी ओढण्याची नसते, थांबण्याची असते. ३३ला १ असा उतार. ब्रेक जरा जोरात लागला तर चाकं फिरायची थांबतात आणि गाडी थांबत नाही. १०३ नंबरच्या बोगद्याच्या तोंडाशी छतातून ठिबकलेलं पाणी रुळावर काचेसारखं गोठलं होतं, वर सुळे लटकत होते. गँगमननी बांबूनं सुळे पाडले, रूळ ठोकून मोकळे केले. पुढे समर हिल, जतोग, तारादेवी, शोगी, सगळीकडे चाकांखाली बर्फ कोरडा चुरत होता. कोरडा बर्फ इमानदार असतो. चाक त्याला दाबून रुळापर्यंत पोचतं.

कैथलीघाट १७०१ मीटरवर, तिथे बर्फ विरळ. तासाभरात परत निघायचं ठरलं होतं. पण गाडी ठरवणाऱ्या टूर कंपनीच्या माणसाला इंजिनाचे आणखी फोटो हवे होते, मग चहा, मग वाफ सोडून दाखवा, मग रुळावर उभं राहून सगळ्यांचा एक फोटो. माणसं चालू मार्गावर पाठ करून उभी राहतात आणि शिट्टी मारली की हसतात! उस्तादजी दोनदा येऊन म्हणाले, साहब, धूप निकल रही है. मी जाऊन सांगितलं. त्या माणसाला वाटलं, ऊन पडलंय म्हणजे आता काळजी मिटली. निघायला दीड तास उशीर झाला.

शोगी सुटलं, ९१ नंबरचा लांबलचक बोगदा पार झाला, तारादेवीला गोळा बदलला. (या मार्गावर टोकन म्हणून नीलच्या यंत्रातला लोखंडी गोळा मिळतो, तो हातात असल्याशिवाय पुढच्या टप्प्यात जाता येत नाही.) तारादेवी १८४४ मीटर, जतोग १९५८. सगळा चढ. इंजिनावरच्या पाण्याच्या टाक्या बऱ्याच रिकाम्या झालेल्या, म्हणजे चाकांवरचं वजनही कमी. टाकी-इंजिनाचं हे दुखणंच आहे: परतीला जोर जास्त हवा आणि पकड कमी.

एका वळणावर अर्धा रूळ उन्हात, अर्धा देवदारांच्या सावलीत होता. उन्हातलं वितळलेलं पाणी रुळाच्या माथ्यावरून सावलीत ओघळून तिथे पुन्हा पातळ गोठलेलं, त्यात देवदाराच्या सुया. इंजिनाचा ठोका, म्हणजे धुराड्यातून वाफ सुटण्याचा आवाज, एकसारखा चालला होता. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. उस्तादजींनी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरांना वाफ देणारा दांडा, बंद केला. त्याच क्षणी चाकं सुटली, एक गरका घेऊन थांबली. रेग्युलेटर उघडा असता तर सहाही चाकं गरगरली असती, त्या झोतानं भट्टीतले निखारे धुराड्यातून उडाले असते आणि बॉयलरचं पाणी सिलिंडरात आलं असतं.

वाळू सोडायची तीही चाकं गरगरताना नाही. अचानक पकड मिळाली तर रॉड वाकतात. गाडी ब्रेकवर धरून ते खाली उतरले. उजव्या नळीतून वाळू येत होती, डाव्या नळीच्या तोंडाशी बर्फ चिकटून लगदा झालेला. एकाच रुळावर वाळू ही वाळू नसण्यापेक्षा वाईट: एक चाक धरतं, दुसरं सुटतं, आणि पीळ बसतो आसाला.

नियमानं सोपा मार्ग होता: मदतीचं डिझेल मागवायचं. डब्यात लहान मुलं होती, टूरवाला खिडकीतून ओरडत होता की म्हातारं इंजिन का लावलं. उस्तादजी म्हणाले, “दस मिनट दीजिए.” मी दिले. फायरमननं गोणपाटानं दोन्ही रूळ पुसले, भाजलेली वाळू बोटांच्या चिमटीनं पेरली, मुठीनं नाही. जाड थर पडला तर चाक त्यावरच तरंगतं. मग ड्रेन कॉक उघडे, रिव्हर्सर (पुढे-मागे जाण्याचा दांडा) पुरा पुढे, ब्रेक अगदी हळू सैल, रेग्युलेटर बोटभर. चाक फिरलं आणि धरलं. जतोगपर्यंत मी बोललो नाही.

सिमल्याला विचारलं, तुम्हाला आधी कसं कळलं? म्हणाले, रुळाचा रंग. कोरडा बर्फ पांढरा, ओला रूळ काळा. पातळ बर्फावर ऊन तिरपं पडलं की निळसर झाक येते. आणि ठोक्यांच्या फेरीतला शेवटचा ठोका जरा मोकळा वाजतो. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी ती झाक शोधत राहिलो. कधी दिसल्यासारखी वाटते, कधी नाही. ठोक्यातला फरक मला आजही कळत नाही.

उस्तादजी निवृत्त झाले. आज जे दोघे या इंजिनावर येतात ते डिझेलवर तयार झालेले, हुशार, मेहनती पोरं. पण वर्षातून मोजक्या वेळा वाफ हाताळून हे कान कुठून येणार? इंजिनाला रंग देऊन, पितळ घासून वारसा जपला म्हणतात, आणि ज्यांच्या हातात तो होता त्यांना निरोपाचा नारळ देऊन घरी पाठवतात. याची मला खरोखर चीड येते.

मी माझ्यापुरत्या दोन गोष्टी केल्या. बर्फाच्या दिवशी परतीची वेळ घड्याळावर नाही, तारादेवीच्या वरच्या वळणावर ऊन कधी येतं त्यावर ठरते. आणि भाजलेल्या वाळूचे डबे आता तपासणीच्या यादीत आहेत. यंदा पहिला बर्फ पडला की त्या दोघांना घेऊन त्या वळणावर सकाळभर उभा राहणार आहे. त्या दिवशी इंजिन नसलं तरी चालेल. उस्तादजींना फोन केला आहे, गुडघे बरे असतील तर येतो म्हणाले.